पुस्तकातली बायजा

इंदोरा, नागपूर
२२ जुलै १९७९

चंदू, जयभीम.

माझ्या मागच्या कोणत्याच पत्राले तुझं उत्तर नाही, म्हणजे तू पुण्यात खुशाल आहे असं आम्ही घरच्या घरी ठरवून टाकलं. शाळेत दिवसभर पोरांपुढं शुद्ध बोलून माझं तोंड दुखते, म्हणून तुले घरच्या बोलीतच लिहिते. तू आता छापील माणूस झाला, तुले कसं वाटते ते वाटो.

तुझं पुस्तक वाचलं. तू पाठवलं नाही, हे मी ध्यानात ठेवलं आहे. शाळेसाठी खडू घ्यायले सीताबर्डीले गेली होती, तं दुकानात काचेआड 'कोरडा हात' अन् खाली तुझं नाव. मी रस्त्यावरच "अवं माय!" म्हणून ओरडली. दुकानदारानं विचारलं, लेखक तुमचे कोण? मी म्हटलं, शेंबूड पुसला आहे मी त्याचा, अजून काय सांगू. त्यानं पुस्तक बांधून द्यायले घेतलं तं मी म्हटलं, राहू द्या, असंच हातात नेते. बसमध्ये लोकांले दिसलं पाहिजे ना.

चांगलं लिहिलं रे. मी उगाच म्हणून नाही राहिली. भिवापूरचा मिरचीचा सातरा, पोती रिकामी करून केलेले ते लाल ढीग, भोवती बसून देठ खुडणाऱ्या बाया, त्याईच्या शिंका, तोंडाले बांधलेले पदर, सगळं जसंच्या तसं. मंग आपण नागपूरले आलो, आई इतवारीच्या मिरची बाजारात तेच देठ खुडायले लागली, ते पण. वाचता वाचता मले ठसका लागला. तुझे भाऊजी रुपराव म्हणे, पुस्तक वाचून कोणाले ठसका लागते का? मी म्हटलं, तुम्ही हिंगण्याच्या कारखान्यात लोखंड कापता, तुम्हाले काय कळते.

पण एक सांग. पुस्तकातल्या बाईचं नाव तू बायजाच ठेवलं. आपल्या आईचंच. मंग ती बायजा सगळ्या पुस्तकात एकदाही कशी हसत नाही गा? आपली आई तं हसता हसता खाली बसते.

शेवटाबद्दल मी आत्ता काही लिहीत नाही.

खबर अशी आहे, की वर्षावास सुरू झाला. पावसाळ्याचे हे तीन महिने विहारात रोज दिवेलागणीनंतर ग्रंथवाचन असते, वाचणारी मीच, हे तुले माहीत आहे. यंदा विहाराचं पाहणाऱ्या गणपतरावांनी ठरवलं, की ग्रंथ झाल्यावर अर्धा तास तुझं पुस्तक वाचायचं. "आपल्या वस्तीतला लेखक पुण्यामुंबईले माहीत अन् वस्तीलेच माहीत नाही, हे काही बरं दिसत नाही," म्हणे. सगळे खुश. आई पहिल्या रांगेत बसणार. तिले वाटते, पुस्तकात शाळाकॉलेजाच्या मोठ्या गोष्टी असतील. त्यात तीच आहे, हे मी तिले सांगितलं नाही.

एकदा ये. वर्षावास आश्विन पौर्णिमेपर्यंत आहे. बाबाच्या मातीले तू आला होता, त्यानंतर तुझं तोंड दिसलं नाही. आई तुझं नाव घेत नाही, पण पुण्याची गाडी किती वाजता येते हे तिले तोंडपाठ आहे.

तुझी ताई,
सुमती


९ ऑगस्ट १९७९

चंदू,

वाचन सुरू झालं अन् विहाराचं कोर्ट झालं, बाबू. तू नसल्यामुळं तुझ्या बाजूनं मलेच उभं राहावं लागते.

पहिल्या दिवशी 'बायजा' हे नाव आलं, तं सगळ्या बाया आईकडे वळल्या. आईनं नव्या नवरीसारखा पदर पुढं ओढला. मले वाटलं, आता ही उठून जाते. दुसऱ्या दिवशी पाहते तं ठेवणीतलं लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी हजर. म्हणे, "पुस्तकात आहो मी, मळकं नेसून कशी बसू?"

त्या दिवशीच्या प्रकरणात तू लिहिलं, की भिवापूरले एका रात्री आपण चौघंही उपाशी झोपलो. मी वाचलं, तं प्रयागबाई उभीच राहिली. आईसोबत सातऱ्यावर बसायची ती, तुले आठवते ना, मोठ्या आवाजाची? "उपाशी? माह्या घरून भाकर नेली होती बायजीनं! पदरात बांधून नेली होती!" गणपतरावांनी समजावलं, बाई, ही कादंबरी आहे, यात थोडी कल्पना असते. प्रयागबाई म्हणे, "मंग त्याच्या कल्पनेत माही भाकर काहून नाही मावली?" लोक इतके हसले, की पुढचं वाचताच आलं नाही. पुढच्या आवृत्तीत तिची भाकर टाक, नाही तं ती पुण्याले येऊन भांडेल.

आता खरं ते लिहिते. परवा ते प्रकरण आलं. तूच लिहिलेलं तुले लिहून पाठवते, म्हणजे मी कोणतं म्हणून राहिली ते कळेल: "माझ्या आईचा हात माझ्या गालाला कधी लागला नाही. मी जवळ गेलो की ती मला बहिणीकडे ढकलायची. जगातल्या सगळ्या आया लेकरांना हातानं भरवतात. माझ्या आईचा हात कोरडा होता."

मी वाचलं. मंग प्रयागबाई फसकन हसली. "अवं बाई! मिरचीच्या हातानं लेकराले हात लावते का कोणी?" सातऱ्यावर काम केलेल्या जेवढ्या म्हाताऱ्या होत्या, सगळ्या हसायले लागल्या. एक म्हणे, माह्या लेकरानं तं सहा महिने माह्या सासूलेच माय म्हटलं. दुसरी म्हणे, मी नवऱ्यालेही हात नाही लावू दिला, त्याले तं बरंच झालं. हसून हसून डोळ्यात पाणी.

आई हसली नाही, चंदू.

घरी आल्यावर तिनं जेवण नाही केलं. मंग आपणहून सांगितलं. तू रांगत होता. ती सातऱ्यावरून आली, राखेनं हात धुतले, ताकानं धुतले, तेल लावलं, अन् तुले मांडीवर घेतलं. तू तिचं बोट धरून डोळ्याले लावलं. मंग जो टाहो फोडला, तो दोन दिवस. डोळे सुजून बंद. बाबा म्हणे, पोरगं आंधळं झालं. आई म्हणे, तवाच म्या ठरवलं, हे हात पोराले लावायचे नाहीत. मिरची धुतल्यानं जात नाही, चामड्यात बसते. म्हणून तुले मी भरवायची. तू "आई भरव" म्हणून पाय आपटायचा अन् ती चुलीकडे तोंड करून बसायची. मले वाटायचं, मोठा झाल्यावर तुले हे कळलंच असेल. मिरचीच्या घरात राहून मिरचीचं कोण सांगते?

"काम सुटल्यावर काहून नाही लावला मंग?" मी विचारलं. तिनं काय सांगावं! "तवर त्याले मिशा आल्या होत्या वं. येवढ्या मोठ्या पोराले कसा हात लावू? लाज वाटे." बाबाच्या मातीच्या दिवशी तू निघाला, तवा ती दाराच्या मागं उभी राहून लुगड्याले हात पुसून राहिली होती. पुसत पुसतच पुढं आली. तू वाकून चपला घालत होता, तुले दिसलंच नाही. मंग तू रिक्षात बसला.

मी रात्रभर विचार करून राहिली. येवढं जाड पुस्तक तू एका गैरसमजावर उभं केलं. मले आधी तुझा राग आला. मंग वाटलं, हा गैरसमज नसता तं तू लिहिलं असतं का? आई ज्याले रोज कुरवाळते, असं पोरगं काहून लिहायले बसेल? ते बाहेर गोट्या खेळेल.

पण आता तुले कळलं ना? आता तं ये.

ताई


२ सप्टेंबर १९७९

चंदू,

तुझं पत्र आलं. चार ओळी. जगाले तीनशे पानं अन् बहिणीले चार ओळी. तरी मी ते पत्र शाळेत नेलं, हजेरी घेता घेता वाचलं, जेवणाच्या सुट्टीत वाचलं, म्हणून आता पाठच आहे. "ताई, मिरचीचं मला माहीत नव्हतं. आता माहीत झालं, तरी इतकी वर्षं कुठं ठेवू? मी आलो आणि ती पुन्हा लांबच उभी राहिली तर? आणि असं लिहिल्यावर तिच्यासमोर कोणत्या तोंडानं येऊ? पुस्तकाचा शेवट वाचू नकोस."

तोंड आहे तेच घेऊन ये. दुसरं कुठून आणशील?

अन् शेवटाचं म्हणशील तं, तुझं पत्र यायच्या आधीपासूनच मी तो विहारात वाचून नाही राहिली. पुस्तकात बायजा खाटेवर पडते त्या पानाशी मी पोचली, अन् समोर आई. तोंडावर पदर धरून खोकून राहिली, पण ऐकायले मान पुढं. मी पान समोर धरलं अन् मनानंच रचून वाचत गेली. बायजा खाटेवरून उठली. तिनं तोंड धुतलं. म्हणे, पोराले पाहून येते. ठेच्याची बरणी फडक्यात बांधली अन् पुण्याच्या गाडीत बसली.

"एकटीच?" आईनं तिथूनच विचारलं.

"एकटीच," मी म्हटलं.

"पाहा वं प्रयागे, एकटी गेली मी!"

तेव्हापासून रोज तेच चालू आहे. कोणालेच कळलं नाही. तुझी भाषा मी बऱ्यापैकी उचलते, मधून मधून एखादं 'किंवा' अन् 'परंतु' टाकून देते. बायजाचं गाडीत एका बाईसोबत जागेवरून भांडण लावलं, मंग दोघींची दोस्ती करून दिली. वर्ध्याले चहा पाजला. भुसावळले तिचं लुगडं खिडकीत अडकवलं. आई घरी येऊन मले विचारते, "उद्या कुठवर जाईन मी?"

लिहिणं म्हणजे काय ते मले आता थोडं थोडं कळून राहिलं. मले वाटायचं लेखक खूप शोधून, हिंडून लिहीत असेल. कुठलं काय! ज्याले जे पाहिजे असते, नाही तं ज्याची भीती असते, तेच हातातून उतरते. आई मेली तं माझं काय, ही भीती तुले पुण्यात बसून खात असेल, म्हणून तू तिले पुस्तकात आधीच मारून टाकलं अन् मोकळा झाला. मले वाटते तिनं तुले भेटावं, म्हणून मी तिले गाडीत बसवलं. दोघंही खोटंच सांगून राहिलो. पण तुझं छापलं.

एक अडचण आहे. गाडी पुण्यात पोचून राहिली नाही. दौंडच्या पुढं मी ती नेतच नाही. ती उतरेल, तू समोर उभा राहशील, अन् मंग? तू काय बोलशील, हे मले सुचत नाही. लहानपणचा तू मले पाठ आहे. आताचा तू कसा उभा राहतो, काय म्हणतो, हे मले ठाऊकच नाही रे. चष्मा लागला का तुले? पुस्तकावर फोटोही नाही टाकला. काल प्रयागबाई वैतागून म्हणे, "हे गाडी मालगाडी आहे काय वं? पोचत काहून नाही?"

आईच्या खोकल्यासाठी डॉक्टर बदलला. हा नवा डॉक्टर म्हणे, मिरचीनं छाती पोखरली आहे, थंडी निभावली तं निभावली. आईले सांगितलं नाही. तुले सांगून राहिली.

ताई


१८ सप्टेंबर १९७९

चंदू,

चोरी पकडली गेली.

गणपतरावांचा स्वभाव तुले माहीत आहे. चार दिवस ते मले निरखून राहिले होते. मंग म्हणे, "सुमतीबाई, तुम्ही अर्धा अर्धा तास वाचता, पण पान काही उलटत नाही." अन् पुस्तक घरी नेतो म्हणाले. नाही कशी म्हणू? दुसऱ्या दिवशी ग्रंथवाचन झालं अन् ते उभे राहिले. रागानं नाही, दुखावलेल्या आवाजात बोलले, म्हणून जास्त लागलं. म्हणे, "या जागी बसून आपण जे नाही ते वाचायचं नाही. लेखकानं जे लिहिलं नाही, ते त्याच्या नावावर ऐकवलं गेलं."

आई म्हणे, "मंग लिहिलं काय त्यानं?"

गणपतराव चष्मा पुसायले लागले. त्याईले हे आधी सुचलं नसेल. नियमाची माणसं अशीच असतात, बोलून झाल्यावर समोर कोण बसलं आहे ते पाहतात. प्रयागबाईलेही कळलं असावं, ती खाली सतरंजीचे दोरे ओढत होती.

आईनं सगळ्यांकडे पाहिलं. मंग मले म्हणे, "सुमे, मी मेली काय वं पुस्तकात?"

मी मान हलवून हो म्हटलं.

"वाच मंग."

"घरी वाचू आई."

"इथंच वाच. गाडीत बसली तं सगळ्याईनं ऐकलं ना? मंग मेली तेही ऐकू दे."

मी वाचलं. कसं वाचलं ते विचारू नको. तुझं ते प्रकरण चांगलं आहे, मेल्या. सगळ्यात चांगलं तेच आहे. बायजा पहाटे जाते, शेजारी पुण्याले तार करतात, मुलगा दोन दिवस गाडीत उभा राहून येतो, तोवर तिले ठेवलेलं असते. तो येतो अन् पहिल्यांदा तिचा हात आपल्या हातात घेतो. तू लिहिलं, "आता ती मला ढकलू शकत नव्हती." तिथं मी पुस्तक मांडीवर ठेवलं. गणपतरावांनी पुस्तक घेऊन शेवटचं पान वाचलं.

मले वाटलं, आई रडेल. तिनं विचारलं, "आला तो?"

"आला, आई."

"दोन दिवस उभा राहून?"

"हो."

"रडला?"

"रडला."

"हात धरला म्हणते?"

"धरला."

ती बराच वेळ आपल्या हातांकडे पाहत बसली. घरी जाताना रस्त्यात म्हणे, "बापाच्या मातीले आला होता. पुस्तकातही माह्या मातीले आला. आपला पोरगा मातीलेच येते, सुमे. जित्या माणसाले भ्याते."

मी म्हटलं, "असं नाही आई, कामं असतात त्याले."

"मी कुठं त्याले नावं ठेवून राहिली? कसा येते ते तं समजलं ना."

तेव्हापासून ती मजेत आहे, हेच मले समजून नाही राहिलं. प्रयागबाईच्या ओट्यावर दोघी कुजबुजत बसतात. मी गेली की गप्प. परवा विचारे, "तार पुण्याले किती वेळात जाते वं?" मी म्हटलं, कोणाले करतेस? म्हणे, "असंच. पुस्तकात होतं म्हणून विचारलं."

तू तिच्या मरणावर पुस्तक लिहिलं अन् तिले त्याचा राग आला नाही. उलट काल शेजारणीले सांगत होती, "माह्या मातीले किती लोक लिहिले त्यानं, मोजता नाही येत." तुझ्या जागी मी असती, तं एवढं ऐकल्यावर पायी निघाली असती.

दसऱ्याले येशील का? दीक्षेचा दिवस आहे, अख्खा महाराष्ट्र येतो. तू तं इथलाच.

ताई


३ ऑक्टोबर १९७९

चंदू,

दसऱ्याले तू आला नाही. मी दीक्षाभूमीवर दिवसभर होती. पांढऱ्या कपड्यांची एवढी गर्दी, अन् तुझ्यासारखी पाठ दिसली की मी त्या माणसाच्या पुढं जाऊन पाहायची. एकजण म्हणे, ताई, कोणी हरवलं का? मी म्हटलं, हो.

आता पुढचं नीट वाच. आई जिवंत आहे.

आज सकाळी मी शाळेत गेली अन् आई प्रयागबाईले घेऊन मोठ्या पोस्टात गेली. हे मले प्रयागबाईनं दुपारी सांगितलं, तिच्या पोटात काही राहत नाही म्हणून कळलं तरी. खिडकीवरच्या बाबूले आई म्हणे, पुण्याले तार लिहून द्या. त्यानं विचारलं, काय लिहू? म्हणे, "लिवा, बायजाबाई वारली, लवकर निघ." बाबू भला माणूस. त्यानं लिहिता लिहिता विचारलं, "तुमची कोण होती, आजी?" प्रयागबाईले तं घामच फुटला. आई काय म्हणाली माहीत आहे? "शेजारीण होती. चांगली होती बिचारी." बाबू म्हणे, "फार वाईट झालं." आई म्हणे, "वय झालं होतं, भाऊ. पोरगा दूर हाये."

प्रयागबाई हे सांगून पदरात तोंड घालून हसली, अन् हसता हसता रडायले लागली.

मी घरी धावत आली. आईनं केस धुतले होते अन् उंबरठ्यावर वाळवत बसली होती. मी जे तोंडाले येईल ते बोलली. म्हटलं, त्याच्या जिवाचं काय होईल, काही विचार? गाडीत त्याले काही झालं तं? तिनं सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणे, "दोन दिवस रडन. मंग दारात मले पाहीन, तं रडणं सरलं. मी किती वर्षं बसली आहो, ते मोज की."

तिनं केस झटकले अन् सांगितलं, "अन् सुमे, त्या नव्या डॉक्टरनं तुले काय सांगितलं, ते मले पडद्याआडून ऐकू आलं होतं. मी मेल्यावर तो येईनच. पण तवा मी नसन ना वं."

मी सरळ पोस्टात गेली. म्हटलं, दुसरी तार करते, आई सुखरूप, पहिली तार चुकीची. कागद घेतला, तुझा पत्ता लिहिला, अन् हात थांबला. ही तार तुले मिळाली, तं तू काय करशील ते मले डोळ्यांपुढं दिसलं. पायात घातलेल्या चपला काढशील. खुर्चीवर बसशील. बरं झालं, म्हणशील. अन् पुन्हा लिहायले घेशील. मी तो कागद फाडला, खिडकीवरून हे आंतर्देशीय घेतलं अन् तिथल्याच बाकावर बसून लिहून राहिली. तार तुले आज नाही तं उद्या मिळेल. पत्राले तीन-चार दिवस लागतात. हे मले माहीत आहे अन् मी जाणूनच करून राहिली. खोटं मले लपवायचं नाही, पण तुले थांबवायचंही नाही.

रुपराव हिंगण्याहून सकाळची पाळी करून आले, माझ्यामागं पोस्टातच आले. त्याईले सांगितलं, तं आधी कपाळावर हात मारला. मंग म्हणे, उद्या-परवा सुट्टी टाकतो, पुण्याच्या गाडीवर घरचं कोणी तं पाहिजे. आता समोर उभे आहेत अन् म्हणून राहिले, लवकर लिही, टपाल निघायची वेळ झाली.

आला तं तुले राग येईल. ये अन् राग कर. तिच्यावर ओरड, माझ्यावर ओरड, गणपतरावांवर ओरड, ते ऐकून घेतील. गल्लीभर ऐकू जाऊ दे. फक्त बाहेरून ओरडू नको, आत येऊन ओरड. अन् ती लांब उभी राहिली, तं समज की हात पुसून राहिली आहे. तेवढा वेळ दे तिले, चपला घालायची घाई करू नको.

हे पत्र इथून परत गेल्यावर दाराखाली पडलेलं सापडलं, तं हसशील. म्हणशील, ताई वेडी आहे. तसंच व्हावं.

पण टपालवाल्यानं हे तुझ्या हातात दिलं असेल, अन् तू खोलीतच बसून वाचून राहिला असशील, तं तार पोचूनही तू निघाला नाही. मंग मले काही कळवू नको, चंदू. कारण लिहू नको. मी आईले सांगीन, तार पोचलीच नाही.

ताई